५०० मीटरची वीण: शहरभरच्या पायवाटा आणि सायकलमार्गांच्या आखणीची पार्श्वभूमी

शहराचा सायकल आराखडा जाहीर झाला की पहिला आकडा सांगितला जातो तो किलोमीटरचा. रोज सायकल चालवणाऱ्याला त्या आकड्यातून फारसे काही कळत नाही. त्याची वाट अडते ती नदीपाशी, रुळांपाशी, मोठ्या चौकात. ही गोष्ट आखणीकारांच्या पचनी पडायला शंभर वर्षे लागली.

सुरुवात पाण्यापासून झाली. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये १८७८ साली उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी बॅक बे फेन्स या दलदलीच्या भागाचे काम हाती घेतले, तेव्हा मूळ दुखणे सांडपाण्याचे होते. भरती-ओहोटीच्या दलदलीत मैला साचत असे. पाण्याला वाट करून देता देता काठाने झाडी आणि पायवाटा आल्या, आणि पुढे बागा, तळी, ओढा यांची सुमारे ११ किलोमीटरची माळ तयार झाली. नाल्याकाठची पट्टी सलग असते, चढ सौम्य असतो, आणि मध्ये घरे पाडावी लागत नाहीत. सिंगापूरने १९९० च्या दशकापासून नाल्यांच्या कडेला राखीव ठेवलेल्या अशाच पट्ट्या वापरून उद्याने एकमेकांना जोडली. ते जाळे आज ३०० किलोमीटरच्या पुढे गेले आहे. अशा वाटेची दुखरी जागा म्हणजे रस्त्याचा पूल. पुलाखालून वाट न्यायची तर डोक्यावर किमान २.५ मीटर मोकळे हवेत, आणि पाणी चढले की नेमका तोच तुकडा आधी बुडतो, मागे गाळ ठेवून जातो. म्हणून वरून, रस्त्याच्या पातळीवर, ओलांडायची दुसरी सोय पहिल्या दिवसापासूनच लागते.

अशा सलग पट्ट्यांचा दुसरा मोठा साठा रेल्वेने दिला. १९६३ मध्ये निसर्गअभ्यासक मे थीलगार्ड वॉट्स यांनी शिकागोजवळच्या एका बंद पडलेल्या मार्गावर पायवाट करावी, असे वृत्तपत्राला पत्र लिहून सुचवले. त्यातून इलिनॉय प्रेरी पाथ उभा राहिला. रुळांच्या भरावाचा चढ क्वचितच २-३ टक्क्यांवर जातो, त्यामुळे सायकलला याहून चांगला पाया मिळणे कठीण. पण मार्ग बंद झाला की जमीन लगतच्या मालकांकडे तुकड्यातुकड्यांनी जाते, आणि मधला एक तुकडा गेला तरी सगळा मार्ग निकामी होतो. अमेरिकेने १९८३ मध्ये कायदा बदलून असा पट्टा भविष्यातल्या रेल्वेसाठी अखंड राखण्याची आणि तोवर तिथे पायवाट चालवण्याची मुभा दिली.

इंग्लंडमधल्या स्टीव्हनेजमध्ये अभियंता एरिक क्लॅक्स्टन यांनी १९५० च्या दशकापासून नव्या शहराबरोबरच वेगळे सायकलमार्ग आणि चौकांखालून भुयारी रस्ते बांधले. भुयारी रस्त्यात आधी उतार लागतो, त्या वेगावर पुढचा चढ निघून जातो. पुलावर मात्र सुरुवातीलाच चढावे लागते, तेही दुप्पट. बांधणी उत्तम होती, तरी सायकली फार वाढल्या नाहीत. मोटारीने जाणे त्याहून सोपे ठेवले होते.

खरे वळण नेदरलँड्समध्ये आले. १९७० च्या दशकात द हेग आणि तिलबर्ग या शहरांत प्रत्येकी एक देखणा, खर्चिक नमुना मार्ग बांधला गेला. मोजणीत दिसले की शेजारच्या रस्त्यांवरचे सायकलस्वार तिकडे वळले; शहरातले एकूण सायकल चालवणे फारसे वाढले नाही. घरापासून त्या मार्गापर्यंतचा रस्ता पूर्वीइतकाच धोक्याचा होता! तिथल्याच डेल्फ्ट शहराने १९७९ च्या आराखड्यात उलट बाजूने विचार केला. तीन थरांची जाळी आखली: शहरभर जाणारे मार्ग साधारण ५०० मीटरवर, प्रभागातले २०० ते ३०० मीटरवर, वस्तीतले १०० मीटरवर. मग ही जाळी कुठे फाटते ते नकाशावर पाहिले, आणि कालव्यांवर पूल, रुळांखाली भुयारी मार्ग बांधून नेमके तेच तुकडे सांधले. पुढच्या काही वर्षांत शहरातल्या एकूण फेऱ्यांतला आधीच ४० टक्के असलेला सायकलफेऱ्यांचा वाटा ४३ टक्क्यांवर गेला. तीन टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण जिथे आधीच इतक्या सायकली आहेत तिथे ते मिळवणे फार अवघड असते.

स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६ नंतर हाच धडा घाईने गिरवला. पहिले सुमारे ८० किलोमीटर एकमेकांना जोडलेलेच बांधले, बरीचशी जागा पार्किंगमधून काढली. तुकडे सुटे सुटे उघडले असते तर पहिल्याच वर्षी 'कोणी वापरत नाही' अशी ओरड झाली असती.

आजची आखणी म्हणूनच अडथळ्यांपासून सुरू होते. नदी, रूळ, द्रुतगती रस्ता नकाशावर जाड रेषेने काढायचे, सुरक्षित ओलांडण्याच्या जागांवर ठिपके द्यायचे आणि दोन ठिपक्यांतले अंतर मोजायचे. ते दीड-दोन किलोमीटर निघाले तर कडेला कितीही सुंदर ट्रॅक असो, पलीकडची शाळा लांबच राहते. रुंदी त्यानंतर ठरते: पादचारी आणि सायकल एकत्र असतील तर किमान ३ मीटर, गर्दी असेल तर दोघांची वाट वेगळी. आणि पूल पहिल्या टप्प्यात घ्यायचा. तो महागडा म्हणून शेवटच्या टप्प्यात ढकलला की निधी आधीच संपतो, आणि दोन्ही काठांवर समोरासमोर संपणारे दोन ट्रॅक वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात.