डब्ल्यूचं वजन आणि न दिसलेले कण

एप्रिल 2022 मध्ये शिकागोजवळच्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेतून एक आकडा बाहेर आला: 80,433. डब्ल्यू बोसॉन या मूलकणाचं हे वस्तुमान, मेगाइलेक्ट्रॉन व्होल्ट या कणांच्या वस्तुमानाच्या एककात. स्टँडर्ड मॉडेल या मूलकणांच्या प्रचलित सिद्धान्ताच्या गणिताने ते 80,357 च्या आसपास यायला हवं होतं. फरक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी! पण हे मापन करणाऱ्या फर्मीलॅबमधल्या सीडीएफ या गटाच्या आकड्यातली अनिश्चितता जेमतेम 9 एककांची, म्हणून खळबळ उडाली. गंमत म्हणजे टेव्हाट्रॉन या कण आदळवणाऱ्या ज्या यंत्रातल्या टकरींवरून हा आकडा काढला, ते 2011 मध्येच बंद करण्यात आलं होतं.

एवढ्याशा फरकाचं कौतुक कशाला? तर पुंजभौतिकीनुसार यंत्रात कधीच न सापडलेले जड कणही डब्ल्यूच्या वस्तुमानाला हलकासा धक्का देऊन जातात. टॉप क्वार्क हा सर्वांत जड मूलकण 1995 मध्ये सापडला, पण तो साधारण किती जड असेल हे अशाच बारीक मापनांतून आधी उमगलं होतं. सुपरसिमेट्री ही अजून सिद्ध न झालेली कल्पना म्हणते की प्रत्येक कणाला एक जड जोडीदार आहे. त्यांतला सर्वांत हलका टिकाऊ आणि विद्युतभाररहित असेल, तर तोच कृष्णद्रव्य, म्हणजे विश्वातलं न दिसणारं द्रव्य, ठरू शकतो. साहजिकच सीडीएफच्या आकड्यावर सिद्धान्तवाल्यांच्या उड्या पडल्या.

मापन मात्र महाकठीण. डब्ल्यू फुटून म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) आणि न्यूट्रिनो हे कण निघतात, आणि न्यूट्रिनो हाती न लागता निसटतो. अर्ध्या पुराव्यावरच वजन करायचं! सप्टेंबर 2024 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतल्या सीएमएस गटाने (यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही आहेत) ते जवळपास तितक्याच अचूकतेने केलं. उत्तर आलं 80,360. म्हणजे स्टँडर्ड मॉडेलच्या अगदी पदरात.

माझ्या मते सुपरसिमेट्रीला खरी अडचण हिग्ज बोसॉनने, म्हणजे मूलकणांच्या वस्तुमानाशी जोडलेल्या कणाने, केली. तिच्या सर्वांत साध्या रूपात, इतर कणांमुळे येणाऱ्या दुरुस्त्या धरण्याआधी, हिग्ज हा डब्ल्यूच्या भाऊबंद झेड बोसॉनपेक्षा, म्हणजे 91,000 पेक्षा जड असू शकत नाही. 2012 मध्ये तो सापडला 1,25,000 वर. ही तूट भरायची तर टॉपचा जोडीदार बराच जड मानावा लागतो, आणि असे जड जोडीदार सर्नच्या यंत्राच्याही आवाक्याबाहेर असू शकतात.

कृष्णद्रव्याचा कण थेट पकडायला साउथ डकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खोल, एलझेड या प्रयोगाचं सात टन द्रवरूप झेनॉन वाट पाहतंय. अजून तरी गळाला काही लागलेलं नाही. आणि सीडीएफचा आकडा? तो मागे घेतलेला नाही, आणि त्यात नेमकं कुठे चुकलं हेही कुणी दाखवून दिलेलं नाही.