६४ केबीपीएसमध्ये काय काय बोलता येतं

रोजचा दीड जीबी संपला की मोबाइलवर मेसेज येतो: हाय स्पीड डेटा संपला, आता वेग ६४ केबीपीएस. मग रात्री बारा वाजेपर्यंत नेट असून नसल्यासारखं, अशी आपली समजूत. पण टेलिफोनच्या जगात ६४ हा आकडा मोठ्या मानाचा आहे. एक्स्चेंज डिजिटल झाली तेव्हा एका कॉलसाठी राखून ठेवलेली वाट नेमकी एवढ्याच रुंदीची होती. आवाजाची लाट सेकंदाला ८,००० वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहायचं. गुणाकार केला की सेकंदाला ६४,००० बिट, म्हणजेच ६४ किलोबिट, अर्थात ६४ केबीपीएस. १९७२ साली ‘जी.७११’ या नावाने हे आंतरराष्ट्रीय मानक झालं. पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथमध्ये मीटरकडे डोळे लावून लोक जे बोलले, ते दोन डिजिटल एक्स्चेंजांच्या मधलं अंतर याच ६४ मधून तोडून गेलं.

म्हणजे कोटा संपल्यावर आपल्या हातात जे उरतं ती अख्खी एक टेलिफोन लाइन असते. तरी त्यावर व्हॉट्सॲप कॉल लावला की आवाज तुटतो, चिरकतो, आणि ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?’ यातच निम्मा कॉल जातो. दोष बिटांच्या संख्येचा नाही. आज बोलण्याला ६४ तर सोडाच, त्याचा चौथा हिस्साही पुरतो. कमी पडते ती वेळ.

आधी चौथा हिस्सा कसा पुरतो ते पाहू. माणसाच्या बोलण्याची यंत्रणा तशी मर्यादित आहे. स्वरतंतूंची थरथर आणि तिला घसा, जीभ, ओठ, नाक यांनी दिलेला आकार, एवढाच सगळा कारभार. जीभ कितीही चपळ असली तरी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात, म्हणजे २० मिलिसेकंदांत, ती फारशी हलत नाही. त्यामुळे तेवढ्या तुकड्यात पुढचं मोजमाप काय येणार हे मागच्या आठ-दहा मोजमापांवरून बऱ्यापैकी सांगता येतं. मग प्रत्येक मोजमाप पाठवायचं कशाला? अंदाज बांधायचं सूत्र पाठवायचं, म्हणजे दहाएक आकडे, आणि अंदाज जिथे जितका चुकला तेवढी चूक. याला लिनिअर प्रेडिक्शन म्हणतात. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये फुमितादा इताकुरा आणि शुझो साइतो, तर अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये बिष्णू अटल असे दोन ठिकाणी लोक या कल्पनेवर काम करत होते. अटल मूळचे कानपूरचे. लखनौ विद्यापीठ, मग बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असं करत १९६१ साली ते बेल लॅब्जमध्ये पोचले. आयटी कंपन्यांच्या भारतीय सीईओंची नावं आपल्याला तोंडपाठ असतात. ज्याचं गणित प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये चालतं, त्या माणसाचं नाव मात्र क्वचितच कुणी घेतं.

१९८५ साली अटल आणि मॅनफ्रेड श्रोडर यांनी याच्या पुढची पायरी मांडली. अंदाजातली चूकसुद्धा जशीच्या तशी पाठवायची नाही. दोन्ही टोकांना ठरावीक नमुन्यांची एकच यादी ठेवायची. पाठवणाऱ्याने यादीतला एकेक नमुना लावून पाहायचा, मूळ आवाजाच्या सर्वांत जवळ जाणारा निवडायचा आणि फक्त त्याचा क्रमांक कळवायचा. कल्पना झकास, पण सगळे नमुने लावून बघण्याचा हिशेब इतका प्रचंड की क्रे-१ या तेव्हाच्या सुपरकॉम्प्युटरलाही एका सेकंदाचं बोलणं उरकायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागला. आज तेच काम साधा बटणांचा फोन बोलता बोलता करतो. जीएसएमचा, म्हणजे टू-जी नेटवर्कचा, मूळ मोबाइल कॉल १३ केबीपीएसवर चालायचा, नंतर आलेला ‘एएमआर’ हा आवाज दाबण्याचा प्रकार सिग्नल अगदीच वाईट असेल तेव्हा ४.७५ पर्यंत खाली येतो. दोघेही याच घराण्यातले.

या काटकसरीची किंमत कान लावला तर ऐकू येते. जुन्या टेलिफोनवर आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झचाच पट्टा जायचा, आणि ‘स’ची खरी सळसळ त्याच्या वरच्या भागात असते. म्हणून फोनवर साठे आडनाव सांगितलं की समोरचा फाटे लिहून मोकळा. दुसरं म्हणजे, हे सगळं गणित समोर माणसाचा गळा आहे असं धरून चालतं. कॉलर ट्यूनमधली पेटी आणि तबला फोनवर इतके केविलवाणे का वाजतात, याचं कारण तेच. त्या बिचाऱ्या गणिताला तबलाही कुणाच्या तरी घशातूनच आला असेल असं वाटतं.

आता इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलकडे येऊ. इथे आवाज दाबणाऱ्या पद्धतींचा, म्हणजे कोडेकांचा, सध्याचा राजा ओपस. २०१२ साली तो खुलं मानक म्हणून प्रसिद्ध झाला आणि कुणीही फुकट वापरू शकतो. त्यात दोन पद्धती एकत्र केल्या आहेत: बोलण्यासाठी स्काइपकडून आलेली सिल्क, आणि संगीतासाठी सेल्ट. ६ केबीपीएसपासून ५१० पर्यंत तो चालू कॉलमध्ये वेग बदलत राहतो. बोलणं नीट, ‘स’सकट कळायला १६ केबीपीएस ठीक असतात.

१६ केबीपीएस म्हणजे २० मिलिसेकंदांच्या एका तुकड्याला ४० बाइट (८ बिटांचा एक बाइट). देवनागरीत ‘ज्ञानेश्वर’ एवढं टाइप केलं तरी ३० बाइट लागतात (मूळ अक्षरं, काने-मात्रे आणि पाय मोडणारे हलन्त धरून दहा चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट), यावरून ४० बाइट किती थोडे ते कळेल. पण हा तुकडा इंटरनेटवर उघडावाघडा जात नाही. त्यावर कुठून आला, कुठे जायचं, कितवा आहे, केव्हाचा आहे हे लिहावं लागतं. हा पत्ता इंटरनेटच्या तीन नियमावल्यांप्रमाणे एकावर एक लिहिला जातो: आयपीचे २० बाइट, यूडीपीचे ८, आरटीपीचे १२. बेरीज ४०. म्हणजे आवाज ४० बाइट आणि त्यावरचा पत्ता ४० बाइट! नवीन आयपीव्ही६ पद्धतीत आयपीचेच ४० होतात, म्हणजे एकूण ६०. तिथे मालापेक्षा बारदान जड. कुणी चोरून ऐकू नये म्हणून कुलूप घातलं की आणखी काही बाइट. ४० बाइटच्याच पत्त्याचे असे सेकंदाला पन्नास तुकडे धरले तर १६ चे ३२ केबीपीएस होतात, आणि दोन्ही बाजू मिळून तासाभराच्या गप्पांना साधारण २९ एमबी लागतात. ‘कॉलसाठी कमी डेटा’ अशा सेटिंगमागे बहुधा दोन युक्त्या असतात: आवाज अजून दाबायचा, आणि २० ऐवजी ४० किंवा ६० मिलिसेकंदांचा तुकडा एका पाकिटात घालायचा, म्हणजे पत्ते कमी लिहावे लागतात. शिवाय आपण ऐकत असतो तेव्हा आपल्या बाजूने फारसं काही जातच नाही. ती शांतता भयाण वाटू नये म्हणून समोरचा फोन स्वतःच हलकीशी खरखर तयार करून ऐकवतो. समोरच्याला वाटतं लाइन चालू आहे.

तर ३२ लागतात, ६४ आहेत. मग अडतं कुठे?

इंटरनेटवरचं मोठं पाकीट १,५०० बाइटचं असतं. ६४ केबीपीएसच्या वाटेने ते जायला १८७ मिलिसेकंद लागतात. एका बाजूने बोललेलं दुसऱ्याच्या कानी पडायला १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागावा, म्हणजे बोलणं सहज वाटतं, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. ४०० च्या पुढे गेलं की दोघं एकदम बोलतात, एकदम थांबतात, ‘बोल बोल’, ‘नाही, तू बोल’ सुरू होतं. म्हणजे आपल्या आवाजाच्या चिमुकल्या पाकिटापुढे असं एकच मोठं पाकीट आलं तरी मर्यादा ओलांडलीच. आणि एकच कुठलं येतं? कॉल चालू असताना फॅमिली ग्रुपवर कुणी दीडशे केबीचा ‘शुभ सकाळ’ टाकला आणि फोनने तो आपोआप उतरवायला घेतला, तर पाकिटांची शंभरावर गाड्यांची रांग लागते आणि ती हलायला एकोणीसएक सेकंद जातात. एकपदरी घाटात पुढे भरलेले कंटेनर आणि मागे अडकलेले दुचाकीवाले, तसलं हे प्रकरण: रस्ता दुचाकीला पुरेसा रुंद आहे, पण ओव्हरटेक करायला जागा नाही. म्हणून कमी डेटावर बोलायचं तर कोडेकपेक्षा जास्त उपयोग फोटो-व्हिडिओचं आपोआप डाउनलोड बंद करण्याचा, ॲप अपडेट आणि फोटो बॅकअप वायफायपुरते ठेवण्याचा होतो. हे दोन मिनिटांचं काम आहे, तरी लोक आधी फोन बदलतात.

हाच फोन, हाच टॉवर, पण साधा नंबर लावून केलेला कॉल मात्र खणखणीत. फोर-जीवरचा तो कॉलही, ज्याला व्होल्टी म्हणतात, आतून इंटरनेटचीच पाकिटं असतो. फरक असा की नेटवर्क त्याच्यासाठी वेगळी मार्गिका राखून ठेवतं. हमी असलेला वेग, उशिराचं बजेट १०० मिलिसेकंद, आणि शंभरात एखादं पाकीट हरवलं तरी चालेल अशी मुभा. फोन आणि टॉवर यांच्यामधला तो ४०-६० बाइटचा पत्ताही दाबून दोन-तीन बाइटवर आणतात, कारण लागोपाठच्या पाकिटांवरचा पत्ता जवळजवळ तोच असतो. व्हॉट्सॲपच्या पाकिटांना ही वागणूक मिळत नाही. टॉवरच्या दृष्टीने तीही चार फोटोंसारखीच. तेव्हा दोघंही भारतात असतील आणि डेटा संपला असेल, तर नंबर लावावा. ॲपच्या नादी लागू नये.

पाकीट हरवलं किंवा फार उशिरा आलं तर? फोटोचं पाकीट हरवलं तर परत मागता येतं. बोलण्यात तेवढी उसंत नसते. मग फोन मागच्या तुकड्यातली थरथर तशीच थोडी पुढे ओढतो आणि हळूहळू विझवतो. कॉलवर माणूस मध्येच धातूसारखा, यंत्रासारखा ऐकू येतो ती ही ओढाताण. मग अडकलेली पाकिटं एकदम आली की साचलेलं बोलणं भरभर वाजवून बरोबरी गाठली जाते. शांत स्वभावाचा मामा एखाद्या वाक्यात उगाच घाई करताना वाटला, तर घाई त्याची नसते.

ऐकायच्या बाबतीत मात्र सगळंच सोपं आहे, कारण गाणं आपल्या उत्तराची वाट बघत नाही. ॲप आधीच पुढचे वीस-तीस सेकंद भरून ठेवतं, पाकीट हरवलं तर पुन्हा मागवतं, वेग पडला तर पुढचा तुकडा कमी दर्जाचा आणतं. स्पॉटिफायचा सगळ्यात खालचा दर्जा साधारण २४ केबीपीएस, म्हणजे तासाला अकरा एमबी, ६४ मध्ये सहज बसणारा. यात वरचे सूर पाठवतच नाहीत. खालच्या सुरांवरून ते कसे उभे करायचे एवढी टिप्पणी पाठवतात. व्याख्यान, बातम्या, ऑडिओबुक यांना हे उत्तम चालतं. सतार ऐकायची तर ९६ च्या खाली जाऊ नये, असं माझं मत; ९६ ला तासाला ४३ एमबी होतात. आणि अभंग ऐकायला व्हिडिओ लावून फोन उपडा ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की त्यांच्या डेटाचा मोठा वाटा टेबलाला चित्र दाखवण्यात जातो.

बोलणं आणि गाणं यांची सगळ्यात मोठी झकापकी ऑनलाइन शिकवणीत होते. पुण्यातले गुरुजी, न्यू जर्सीतली विद्यार्थिनी, मधोमध तानपुरा. कॉलिंगच्या ॲपला सलग, न बदलणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी असं शिकवलेलं असतं. त्यामुळे ते तानपुऱ्याला गोंगाट समजून पुसून टाकतं, आणि कधीकधी लांबवलेला षड्जही. लॉकडाऊनच्या काळात कित्येक गाण्याच्या शिक्षकांना झूममधलं ‘ओरिजिनल साउंड’ हे बटण याच कारणाने पाठ झालं. ठेका मात्र त्या बटणाने सुटत नाही. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर धरले तरी जायला साठेक मिलिसेकंद लागतात, आणि केबल काही सरळ रेषेत नसते. एकत्र वाजवणाऱ्यांना पंचवीस-तीस मिलिसेकंदांपलीकडचा फरक जाचायला लागतो. तिथे फाइव्ह-जी घ्या नाहीतर सिक्स-जी, साथ जमायची नाही. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने मागून म्हणायचं, एवढंच शक्य आहे.

अलीकडे आवाज आणखी आकसतो आहे. गूगलने २०२१ साली आणलेला लायरा हा कोडेक ३ केबीपीएसवर बोलतो. सत्तरहून जास्त भाषांतल्या बोलण्यावर शिकवलेलं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम) मोजक्या खुणांवरून आवाज नव्याने रचतं. मेटाने २०२४ मध्ये आपल्या कॉलसाठी एमलो नावाचा कोडेक जाहीर केला, तो जुन्या, स्वस्त फोनवरही चालावा म्हणून. ३ केबीपीएस म्हणजे २० मिलिसेकंदांना साडेसात बाइट, आणि पत्ता तोच ४० बाइटचा, हे आठवलं की नुसत्या आकसण्याचा फायदा किती तोकडा ते दिसतं. खरा फायदा वेगळाच आहे. आवाज एवढासा झाला की प्रत्येक पाकिटात मागच्या तुकड्याची एक प्रतही घालता येते, म्हणजे एखादं पाकीट हरवलं तरी परत मागावं लागत नाही.

आणि प्रतही हरवली तर गाळलेली जागा भरायचं कामसुद्धा आता न्यूरल नेटवर्क करतं. गूगलने २०२० साली ड्युओ या आपल्या तेव्हाच्या कॉलिंग ॲपमध्ये असं एक बसवलं. समोरच्याच्या आवाजाचा पोत पकडून ते अर्धवट राहिलेलं अक्षर पुरं करतं. त्याला मर्यादा घातली आहे १२० मिलिसेकंदांची. तोवर खरा आवाज आला नाही, तर ते स्वतः होऊन विरत जातं आणि गप्प बसतं. पुढचा शब्द मनाने बोलायची त्याला मुभा नाही.