मिशन विमानसेवा

मिशन विमानसेवा : रस्ता पोचत नाही अशा मुलखात ख्रिस्ती मिशन संस्था चालवतात ती लहान विमानांची वाहतूक. पापुआ न्यू गिनी, पश्चिम न्यू गिनी (इंडोनेशिया), काँगो, चाड, दक्षिण सुदान, लेसोथो आणि उत्तर ऑस्ट्रेलियातील आर्नहेम लँड ही तिची मुख्य क्षेत्रे. मिशन म्हटले की मराठी वाचकाला मिरजेचे रुग्णालय किंवा अहमदनगरच्या शाळा आठवतात. इथे मात्र संस्था स्वतः शाळा वा दवाखाना चालवतेच असे नाही. इतरांच्या शाळा-दवाखान्यांना माणसे, औषधे, पत्रे आणि मीठ पोचवणे हेच तिचे काम. ‘मिशन एव्हिएशन फेलोशिप’ (माफ) ही यातली सर्वांत मोठी संस्था. बाकीच्या बहुतेक संस्था दोन-चार विमाने आणि मूठभर वैमानिकांवर चालतात.

न्यू गिनीत लुथरन आणि कॅथलिक मिशनांनी १९३० च्या दशकातच विमाने आणली होती. पण या सेवेला आजचे रूप आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, युद्धातून मोकळ्या झालेल्या वैमानिकांमुळे. १९४५ मध्ये अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये जवळजवळ एकाच वेळी संस्था उभ्या राहिल्या; आजची माफ त्यांतूनच घडली. अमेरिकी संस्थेची पहिली वैमानिक होती एलिझाबेथ ‘बेटी’ ग्रीन. फेब्रुवारी १९४६ मध्ये तिने वाको जातीच्या जुन्या द्विपंखी विमानातून विक्लिफ या बायबल-भाषांतर संस्थेच्या भाषांतरकारांना मेक्सिकोत नेले. ब्रिटिश गटाने १९४८ मध्ये माइल्स जेमिनी विमानातून आफ्रिकेची पाहणी केली. ते विमान बुरुंडीच्या डोंगरात कोसळले, आतले दोघे वाचले आणि १९५० मध्ये सुदानमध्ये काम सुरू झाले. ऑस्ट्रेलियन गटाने १९५१ मध्ये न्यू गिनीत एक ऑस्टर विमान नेले. त्याच वर्षी ते डोंगरात आदळून वैमानिक हॅरी हार्टविग मरण पावला. विक्लिफने स्वतःची ‘जार्स’ ही शाखा १९४८ मध्ये पेरूच्या जंगलात सुरू केली.

हवाईपट्टी

विमान कोणते आणि वैमानिक किती कुशल यापेक्षा पट्टी कशी आहे यावर ही सेवा टिकते. न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील पट्टी साधारण ४०० ते ६०० मीटर लांब, गवताची किंवा मातीची आणि बहुधा उताराची असते. सपाट जागा मिळत नाही म्हणून उतार पत्करला जातो हे खरे, पण तो उपयोगीही पडतो : विमान चढाकडे तोंड करून उतरते, त्यामुळे लवकर थांबते, उड्डाण उताराच्या दिशेने होते, त्यामुळे वेग लवकर मिळतो. नेपाळचे लुक्ला ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. तिथली धावपट्टी ५२७ मीटरची असून तिला ११.७ टक्के चढ आहे. न्यू गिनीत याहून तीव्र उताराच्या पट्ट्या आहेत आणि त्यांवर डांबर नाही.

अशी पट्टी एकमार्गी असते. वरच्या टोकाला डोंगराची भिंत असल्याने उतरताना ठरावीक बिंदूच्या पुढे गेल्यावर पुन्हा वर झेपावता येत नाही. हा बिंदू प्रत्येक पट्टीसाठी आधी ठरवलेला असतो – एखादे झाड, ओढ्याचे वळण, चर्चचे पत्र्याचे छप्पर. तिथे पोचेपर्यंत वेग, उंची आणि वारा जमला नसेल तर परत फिरायचे. तो ओलांडल्यावर पट्टीवर डुक्कर आले तरी उतरायचेच. म्हणूनच उतरण्यापूर्वी एकदा वरून फेरी मारून पट्टी पाहिली जाते.

चढाच्या पट्टीवर डोळा फसतो. समोरची जमीन वर उचललेली असल्याने आपण फार उंचावर आहोत असे वैमानिकाला वाटते. तो खाली येतो आणि पट्टीच्या अलीकडेच चाके टेकतात. दुसरी चूक टेकताना होते : सपाट पट्टीवर नाक जेवढे उचलावे लागते त्याहून इथे बरेच जास्त उचलावे लागते, नाहीतर पुढचे चाक आधी आपटते. टेकल्यावर लगेच इंजिन बंद करूनही चालत नाही. वरच्या सपाट थांब्यापर्यंत पोचायला जोर लावावाच लागतो. मध्येच थांबलेले जड विमान ओल्या गवतावर ब्रेक लावूनही मागे घसरते.

नवी पट्टी खुली करण्यापूर्वी पाहणी करणारा माणूस पायी येतो. लांबी फितीने मोजतो, दर काही मीटरवर उतार घेतो, सळई जमिनीत खुपसून मऊ जागा शोधतो. सगळ्यात जास्त दुखणे पाण्याचे असते. मधला भाग कडेपेक्षा उंच नसेल आणि दोन्ही बाजूंना चर नसतील तर एका पावसाळ्यात पट्टी चिखल होते. गवत कापणे, चर उपसणे, पांढऱ्या खुणा रंगवणे आणि विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) टिकवणे हे काम गावकऱ्यांचे. न्यू गिनीत बहुतेक जमीन कुळांच्या परंपरागत मालकीची असल्याने पट्टीच्या भरपाईवरून भांडण झाले की गवत वाढते, आणि गवत वाढले की सेवा थांबते. बंद पडलेल्या अनेक पट्ट्यांचे कारण तांत्रिक नसून हेच असते. कोणताही वैमानिक, त्याचे हजारो तास उड्डाण झाले असले तरी, प्रत्येक पट्टीवर आधी प्रशिक्षकाबरोबर उतरून दाखवल्याशिवाय तिथे एकटा जात नाही.

वजनाचा हिशेब

सेस्ना २०६ हे या सेवेचे जुने, भरवशाचे विमान. उड्डाणाच्या वेळी त्याचे कमाल वजन १,६३३ किलो. साधनांसह रिकामे विमान साधारण १,०२० किलो, वैमानिक ८५, आणि १६० लिटर पेट्रोल म्हणजे ११५ किलो (विमानाचे पेट्रोल लिटरला ०.७२ किलो भरते). उरले सुमारे ४१० किलो. ही चांगल्या, लांब पट्टीवरची मर्यादा. डोंगरातून निघताना ती कधी निम्म्यावर येते.

यामागे हवेची विरळता आहे. ५,००० फूट उंचीवर ३० अंश सेल्सियस तापमान असेल तर विमानाला हवा जवळपास ८,००० फुटांवरच्यासारखी विरळ लागते. टर्बो (हवा दाबून आत देणारा पंप) नसलेल्या इंजिनाची शक्ती तिथे पाऊणपट उरते, पंखा कमी ओढतो आणि पंखही कमी उचलतात. शिवाय प्रतिकूल गोष्टींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. निर्मात्याच्या पुस्तकात उड्डाणाला ३०० मीटर दिले आहेत असे धरू. ओल्या गवतासाठी १.३ ने गुणायचे, मागून थोडा वारा असेल तर १.२ ने, पुस्तकातल्यापेक्षा तापमान १० अंशांनी जास्त असेल तर १.१ ने. होतात ५१५ मीटर. वजन दहा टक्के वाढले की अंतर आणखी सुमारे वीस टक्क्यांनी वाढते. त्यामुळे तराजूवर माणूस, पोते, कोंबडी आणि हातातली पिशवी सगळे चढते. ‘माझे वजन साठ’ हे तोंडी उत्तर चालत नाही. कॉफीचे पोते पावसात भिजले असेल तर कालचे वजन आज खोटे ठरते.

वजन किती यासोबत ते कुठे ठेवले हेही पाहावे लागते. जड सामान पाठीमागे गेले तर नाक उचलले जाते आणि विमान आवरत नाही. म्हणून मिठाची पोती पुढे, हलके सामान मागे, आणि सगळ्यावर जाळी व पट्टे. छपराचे पत्रे नीट बांधले नाहीत तर हादऱ्यात पुढे सरकून थेट वैमानिकाच्या मानेशी येतात. विमानाच्या पोटाखाली बसवलेली सामानपेटी सोयीची, पण खडीच्या पट्टीवर तिलाच पहिला मार बसतो.

इंधन

विमानाचे पेट्रोल आफ्रिका आणि न्यू गिनीच्या आतल्या भागात दुर्मीळ व महाग झाले आहे. जेट इंधन मात्र मिळते. संस्था पेट्रोलच्या पिस्टन इंजिनाकडून जेट इंधनावरच्या टर्बाइनकडे वळल्या त्याचे मुख्य कारण हेच. सेस्ना कॅरव्हॅन आणि अमेरिकेतील आयडाहो राज्यात बनणारे कोडिअॅक ही सध्याची विमाने. कोडिअॅकची आखणीच मिशन संस्थांच्या गरजा विचारात घेऊन झाली. ७५० अश्वशक्तीचे हे विमान पूर्ण भाराने, समुद्रसपाटीला, ३०० मीटरच्या आत जमीन सोडते. टर्बाइन महाग असते, पण दोन मोठ्या दुरुस्त्यांमध्ये ३,६०० ते ४,००० तास जातात.

दूरच्या पट्टीवर इंधन २०० लिटरच्या पिंपातून भरले जाते आणि तिथेच बहुतेक घोटाळे होतात. उभ्या पिंपाच्या डोक्यावर पावसाचे पाणी साचते. दिवसा तापून रात्री थंड झाले की पिंप हवा आत ओढते, आणि सैल बुचातून ते पाणीही. म्हणून पिंप आडवे ठेवायचे, दोन्ही बुचे घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी येतील असे, म्हणजे बुचे इंधनात बुडलेली राहतात. वापरण्यापूर्वी पिंप उभे करून गाळ बसू द्यायचा, पाण्याची परीक्षा करणारा लेप काठीला लावून तळ तपासायचा, पंपाची नळी तळापासून चार बोटे वर ठेवायची, गाळणी लावायची आणि स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून पिंप व विमान तारेने जोडायचे. भरून झाल्यावर टाकीच्या तळातून नमुना काढून काचेच्या भांड्यात पाहायचा. पेट्रोलच्या विमानात चुकून जेट इंधन गेले तर इंजिन सुरू होते, कारण नळीत आधीचे पेट्रोल असते. ते बंद पडते उड्डाणानंतर.

हवामान

न्यू गिनीच्या दऱ्यांत पहाटे धुके असते. ते विरले की चार-पाच तास चांगले मिळतात. दुपारी कड्यांवर ढग चढतात आणि खिंडी बंद होतात. म्हणून दिवसाचे काम दुपारी लवकर संपवण्याकडे कल असतो. दरीतून जाताना मधोमध उडायचे नाही. एका कडेने उडायचे, म्हणजे पुढे खिंड बंद दिसली तर वळायला पूर्ण रुंदी मिळते. या भागातील कित्येक अपघात यंत्र बिघडून नव्हे, तर ढगाखालून आणखी थोडे पुढे जाण्याच्या मोहात झाले आहेत.

हवामानाची बातमी पट्टीवरचा माणूस रेडिओवरून देतो. त्याला विमान यायला हवे असते, त्यामुळे ‘हवा कशी?’ विचारले की ‘छान’ असेच उत्तर येते. जाणते वैमानिक वेगळे विचारतात : पूर्वेचा कडा माथ्यापर्यंत दिसतो का? पट्टीवर पाणी साचले आहे का? विंडसॉकचे टोक कोणत्या बाजूला आहे?

नदीवरची सेवा

न्यू गिनीच्या उत्तरेस सेपिक ही हजार किलोमीटरहून लांब नदी वाहते. तिच्या काठच्या गावांतून किनाऱ्यावरच्या वेवाक शहरातील रुग्णालयात होडी आणि ट्रकने पोचायला दिवस लागतात. ‘समॅरिटन एव्हिएशन’ ही छोटी अमेरिकी संस्था इथे चाकांऐवजी फ्लोट (पाण्यावर तरंगणारे पोकळ तराफे) लावलेल्या सेस्ना २०६ विमानांतून अडलेल्या बाळंतिणी आणि सर्पदंशाचे रुग्ण नेते. तासाभराचे काम. फ्लोटचे वजन मोठे असल्याने भार आणखी कमी होतो. रोज सकाळी फ्लोटच्या प्रत्येक कप्प्यातले पाणी हातपंपाने काढतात. एका कप्प्यातून रोजच्याहून जास्त पाणी निघाले तर तो गळतो आहे. नदीतले ओंडके आणि वाहती गवताची बेटे हा एक धोका. दुसरा अधिक फसवा : वारा पडला की पाणी आरशासारखे होते आणि उंचीचा अंदाज राहत नाही. तेव्हा काठाच्या जवळून, इंजिनाचा थोडा जोर कायम ठेवून, मिनिटाला सुमारे दीडशे फूट या वेगाने पाणी लागेपर्यंत खाली येत राहायचे.

रुग्ण नेताना मधली आणि मागची आसने काढून स्ट्रेचर बांधतात. छातीत हवा साठलेल्या रुग्णाला उंच नेले तर ती हवा फुगते, म्हणून शक्य तितके खालून उडतात. लसी २ ते ८ अंशांत राहिल्या पाहिजेत. उतरल्यावर त्या घ्यायला आरोग्यसेवक हजर नसेल तर विमान वेळेवर येऊनही लस फुकट जाते.

पैसा आणि माणसे

प्रवासी आणि मालधनी भाडे देतात, पण त्यातून पूर्ण खर्च निघत नाही; फरक देणग्यांतून भरतो. वैमानिकाचा पगार बहुधा त्याच्याच देशातील मंडळ्या वर्गणीने देतात. ती आटली की कुटुंब मायदेशी परतते आणि पट्ट्या शिकवण्यात घातलेले वर्ष वाया जाते. पूर्वी प्रत्येक वैमानिक मेकॅनिकही असे. खडीने पंख्याच्या कडेला पडलेला खळगा तो स्वतःच कानशीने घासून काढी. अमेरिकेतील मूडी बायबल इन्स्टिट्यूट आणि लेटूर्नो विद्यापीठ असे दुहेरी शिक्षण देतात. टर्बाइन आल्यापासून मात्र ही दोन कामे वेगळी होत चालली आहेत. रस्ता आला की पट्टी ओस पडते, आणि ते योग्यच. अवघड असते ते कच्चा रस्ता होऊन पुन्हा वाहून गेला तेव्हा, कारण तोवर पट्टीवर घरे उभी राहिलेली असतात.

आक्षेप

विमान दुर्गमता मोडते, आणि मोडू नये तिथेही मोडते. इक्वेडोरमध्ये वैमानिक नेट सेंट याने एक युक्ती काढली होती : विमान गोल घिरट्या घालत राहते आणि लांब दोरीच्या टोकाची बादली मध्यभागी जवळपास स्थिर लोंबते. १९५५ मध्ये या बादलीतून तिथल्या जंगलातील वाओरानी या आदिवासी लोकांना भेटवस्तू सोडल्या गेल्या. ८ जानेवारी १९५६ रोजी कुरारे नदीच्या वाळूपट्टीवर उतरलेल्या सेंटसह पाच मिशनऱ्यांना वाओरानींनी भाल्यांनी मारले. चर्चच्या कथनात ही हौतात्म्याची गोष्ट आहे. पुढचा भाग कमी सांगितला जातो : नंतर बहुतेक वाओरानी एका मिशन वसाहतीत एकवटले आणि १९६९ मध्ये तिथे पोलिओची साथ पसरली. ज्यांच्या अंगी बाहेरच्या रोगांविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही त्यांच्याकडे विमान सर्वांत आधी पोचते, हा आक्षेप आजही लागू आहे. २०२० मध्ये करोनाच्या साथीत ब्राझीलच्या एका न्यायालयाने जावारी खोऱ्यातील, बाह्य जगाशी संपर्क नसलेल्या जमातींच्या प्रदेशात मिशनऱ्यांना बंदी केली.