टाऊन हॉल, ज्यात सभा होत नाही

कोल्हापुरात रिक्षात बसून ‘वस्तुसंग्रहालय’ म्हणा. रिक्षावाला वळून बघतो आणि ‘टाऊन हॉल म्हणा की!’ म्हणत गाडी काढतो. संग्रहालय तिथं येऊन पंचाहत्तर वर्षं उलटली, तरी भाऊसिंगजी रोडवरच्या त्या दगडी इमारतीचं जुनं नाव काही सुटलं नाही.

इमारत १८७२ ते १८७६ मधली. टोकदार मनोरे, उंच कमानी, आत मोठं दालन. तेव्हाचे महाराज १८७० मध्ये इटलीत वारले होते, दत्तक महाराज अज्ञान, आणि कारभारावर इंग्रजांची देखरेख. नावातलं ‘टाऊन’ फसवं आहे ते इथूनच. नगरपालिका १८५४ ची, म्हणजे हॉलच्या आधीची. त्यामुळे बाहेरगावचा माणूस हे पालिकेचं जुनं कार्यालय समजतो. इथं मात्र शब्दाचा अर्थ सभागृह एवढाच. पुढं तोही पातळ होत गेला. आता ‘टाऊन हॉलात जाऊन येतो’ म्हणणारा बहुतेक वेळा नुसता बागेत जातो.

खरा बदल १९४९ चा. १ मार्चला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच वर्षी कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीतलं संग्रहालय इथं हलवलं. ते १९४६ मध्ये सुरू झालेलं, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या वस्तूंसाठी. त्यातली पोसायडनची कांस्यमूर्ती बघायला आजही लांबून लोक येतात. छोटासा ग्रीक समुद्रदेव, तोही पंचगंगेकाठी सापडलेला! वस्तूंना पक्कं छप्पर मिळालं, हे चांगलंच झालं. पण दालनात काचेची कपाटं आली की खुर्च्या कुठं मांडायच्या? गावाचं सभागृह गेलं ते असं, एका फटक्यात. या बाजूविषयी फारसं कुणी बोलत नाही, म्हणून इथं जरा जास्त लिहिलं.

नाटकांसाठी १९१५ चं पॅलेस थिएटर होतंच. १९५७ मध्ये त्याचं नाव बदललं आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडलं. राजकीय सभा चौकांत गेल्या. वाद घालायचा तर इथला माणूस ‘या बिंदू चौकात’ म्हणतो. ‘या टाऊन हॉलात’ असं आव्हान कुणी दिलेलं मी तरी ऐकलेलं नाही. तिथं आवारात तोफा आणि जुनी शिल्पं मांडलेली, आणि वर झाडांना दिवसभर उलटी टांगलेली वटवाघळं.