मापाचा कुठलाही पट्टा चालतो? लॉन मोअरला नाही

बसून चालवायच्या लॉन मोअरचा (गवत कापायच्या यंत्राचा) ड्राइव्ह बेल्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा पट्टा, गेला की हमखास सल्ला मिळतो: गाडीचा त्याच लांबीचा व्ही-बेल्ट (व्ही आकाराच्या छेदाचा पट्टा) आणा, काम होतं. पट्टा बसतो, हे खरं. टिकत मात्र नाही.

बऱ्याच मोअरमध्ये क्लच वेगळा नसतो. पट्टा हाच क्लच. पेडल दाबलं की पट्टा ताणून धरणारी आयडलर पुली सैल होते, पट्टा घसरतो. सोडलं की पुन्हा पकडतो. म्हणून त्याच्यावर सहसा कापडी वेष्टण असतं आणि आत अरामिड या मजबूत कृत्रिम धाग्याचे, न ताणणारे दोर. गाडीचा उघड्या कडांचा, वेष्टण नसलेला पट्टा सैल केल्यावरही पकड सोडत नाही, मोअर झटका देत पुढे सरकतो. साध्या पॉलिस्टर दोरांचा पट्टा ताणला जाऊन महिन्याभरात घसरू लागला, तर नवल नाही.

नवा पट्टा घालण्याआधी जुना नीट बघा. बाजू काचेसारख्या चकचकीत असतील, तर तो घसरत होता: आयडलरची स्प्रिंग ताणली असेल, नाहीतर आयडलरचा हात गंजून अडकला असेल. एकाच जागी जळका खळगा असेल, तर पट्टा थांबलेला असताना इंजिनाची पुली फिरत राहिली. पुलीच्या खाचेचा तळ घासून चमकतोय? मग पट्टा अरुंद आहे किंवा पुलीच झिजली आहे. व्ही-पट्ट्याने पकडायचं ते खाचेच्या बाजूंना, तळाला टेकायचं नाही.

चावी काढा, स्पार्क प्लगची वायर सोडवा, मगच पुली हाताने फिरवा. खरखर आली की बेअरिंग गेलं. पट्टा चढवताना बेल्ट कीपरच्या, म्हणजे पट्टा पुलीवर राखणाऱ्या अडसराच्या, आतूनच घ्या. बाहेर राहिला तर पहिल्याच वळणावर उतरेल.