जुन्या मशीनला जुनीच हार्ड डिस्क लागते?

डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या सीएनसीची (संगणकाच्या हुकमाने धातू कापणाऱ्या मशीनची) आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची, डिस्क गेली की तशीच जुनी शोधायची, हा भोसरी-चिंचवडच्या वर्कशॉपांतला घट्ट समज. मग पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, तापकीर गल्ली, पालथी घाला! गरज नाही, जुनी डिस्क म्हणजे झिजलेली बेअरिंगं विकत घेणं.

त्याऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांतलं मेमरी कार्ड, वापरा; ते मुळातच आयडीईची भाषा बोलतं. ४० पिनांचं साधं अॅडॅप्टर पुरतं, त्यावरचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) ‘मास्टर’वर, म्हणजे मुख्य डिस्कच्या जागी.

घोळ होतो क्षमतेत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या बहुतेक बायोसना (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामना) ५०४ एमबीपुढचं दिसत नाही. ‘५१२’ छापलेलं कार्ड प्रत्यक्षात साधारण ४८८चं, म्हणून चालतं. सिलिंडर-हेड-सेक्टरचे आकडे (बायोस डिस्कवरची जागा ज्यांनी मोजतो ते) जुळले नाहीत तर नुसती इमेज, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत, उतरवून बूट होत नाही. त्यापेक्षा डॉसच्या एफडिस्कने कार्डावर पार्टिशन करा, ‘फॉरमॅट सी: /एस’ने ते बूट होण्याजोगं करा, मग फाइली कॉपी. डॉसऐवजी विंडोज एक्सपी असेल तर स्वतःला ‘फिक्स्ड’ (काढता न येणारी डिस्क) म्हणवणारं औद्योगिक कार्डच घ्या.