चित्र कोणासाठी? युद्धाने विस्थापित झालेल्या मुलांच्या कलाशिबिरांमागचा इतिहास

मे महिना संपला की युक्रेनमधल्या शाळांना सुट्टी लागते आणि देशाच्या पश्चिमेकडे, कार्पेथियन डोंगरांत, मुलांची शिबिरे भरू लागतात. येणारी बरीच मुले खारकिव्ह, दोनेत्स्क, खेर्सन अशा आघाडीजवळच्या भागांतली. काही आपले गाव सोडून परक्या शहरात राहणारी, काहींचे वडील लढाईवर, काहींचे वडील आता नाहीत. दोन-तीन आठवडे ती इथे राहतात, डोंगर चढतात, मातीकाम करतात, रंगवतात. सोबत चित्रकार असतात आणि मानसतज्ज्ञही. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचे मोठे आक्रमण सुरू झाले. महिनाभरात ४३ लाख मुले घराबाहेर पडल्याचे युनिसेफने सांगितले. देशातल्या सुमारे ७५ लाख मुलांपैकी ही निम्म्याहून अधिक होती.

अशा शिबिरांची कल्पना रुग्णालयांत जन्मली नाही. ती आणली शिक्षकांनी आणि चित्रकारांनी, आणि तिची मुळे दोन वेगळ्या ठिकाणी सापडतात.

पहिले मूळ स्वित्झर्लंडमधले. १८७६ मध्ये झुरिकच्या वाल्टर बिऑन या पाद्र्याने शहरातल्या कोंदट वस्त्यांमधली गरीब, अशक्त मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत डोंगरात नेली. हेतू साधा होता: हवा, दूध, पोटभर जेवण. ही प्रथा युरोपभर पसरली. स्पेनमध्ये १८८७ मध्ये शिक्षणतज्ज्ञ मानुएल बार्तोलोमे कोस्सियो यांच्या पुढाकाराने तशी पहिली सुट्टीची वसाहत भरली.

दुसरे मूळ व्हिएन्नातले. १८९७ मध्ये फ्रान्झ चिझेक यांनी तिथे मुलांसाठी चित्रकलेचा वर्ग सुरू केला. नमुना समोर ठेवून गिरवायला लावायचे नाही, मुलाच्या मनातले कागदावर येऊ द्यायचे, हा त्यांचा आग्रह त्या काळी नवाच होता. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाची मुले उपाशी होती, तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्यांची चित्रे इंग्लंडमध्ये मांडून ‘सेव्ह द चिल्ड्रेन’ या मदतसंस्थेसाठी पैसे गोळा केले गेले. मुलाचे चित्र मोठ्यांच्या कामाला लावण्याची सुरुवात इतकी जुनी आहे. त्या पैशातून मुले जेवली, हे खरेच. तरीही चित्र कोणासाठी काढायचे, हा प्रश्न तेव्हापासून या कामाला चिकटला तो आजवर सुटलेला नाही.

स्पेनच्या यादवी युद्धात (१९३६–३९) ही दोन्ही मुळे एकत्र आली. माद्रिदवर बॉम्ब पडू लागले तेव्हा प्रजासत्ताक सरकारने हजारो मुले वॅलेन्सिया आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याकडे हलवली. त्यांना ठेवण्यासाठी सुट्टीच्या वसाहतींचाच साचा उपयोगी पडला: रिकामे बंगले, थोडे शिक्षक, एकत्र स्वयंपाकघर. तिथे मुलांना चित्रे काढायला बसवले जाई. युद्धाआधीचे आयुष्य, युद्धात पाहिलेले, वसाहतीतला दिवस, असे विषय दिले जात. विमाने तर जिकडेतिकडे. बॉम्ब टाकणारी विमाने मुलांनी इतकी बारकाईने काढली आहेत की त्यांचे प्रकारही ओळखता यावेत. आल्फ्रेड आणि फ्रांस्वाझ ब्राउनर या दांपत्याने अशी चित्रे जमवली. त्या युद्धातल्या मुलांच्या ६० चित्रांचे एक पुस्तक १९३८ मध्ये न्यूयॉर्कला निघाले, प्रस्तावना इंग्रज लेखक ऑल्डस हक्सली यांची. उद्देश पुन्हा निधी आणि लोकमत. वसाहतीतल्या शिक्षकांना मात्र दुसरेच काही दिसत होते. बोलायला तयार नसलेले मूल हातात रंग आल्यावर तासभर एका जागी बसे.

मला या इतिहासात सगळ्यात जवळची वाटते ती फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांची गोष्ट. त्या व्हिएन्नाच्या. चिझेक यांच्याकडे शिकलेल्या, पुढे जर्मनीत वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत चित्रकार योहानेस इटेन यांच्या हाताखाली तयार झालेल्या. नाझींपासून वाचण्यासाठी प्रागला आल्या आणि तिथे निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकवू लागल्या. डिसेंबर १९४२ मध्ये त्यांना टेरेझिनला, नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, पाठवले गेले. सोबत न्यायला परवानगी होती तेवढ्या सामानात त्यांनी कागद आणि रंग भरले. ते संपल्यावर कचेरीचे पाठकोरे फॉर्म आणि पुडक्यांचे कागद चालवले.

त्यांचे वर्ग नीट आखलेले असत. आधी हात मोकळा करण्यासाठी श्वासाचे आणि लयीचे सराव, मग कधी कागदाच्या तुकड्यांचे चिकटकाम, कधी जुन्या चित्रकारांच्या चित्रांची रचना समजून घेणे, कधी मनाला येईल ते. माणसाला छळछावणीकडे धाडायच्या यादीतला क्रमांक मानणाऱ्या त्या जागी प्रत्येक चित्रावर मुलाचे नाव असावे, हे त्यांनी कटाक्षाने पाहिले. ‘तू काय भोगलेस ते काढ’ असा रोख नव्हता. म्हणूनच त्या चित्रांत फुले, फुलपाखरे, घरातले मांडलेले टेबल पुष्कळ आहे, आणि तिथल्या बंकांच्या रांगाही आहेत. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झला नेऊन मारले गेले. त्यांच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्यालाही तेच आले. जाण्याआधी दोन सूटकेसमध्ये लपवलेली सुमारे ४,५०० चित्रे आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत.

प्रागमधल्या त्यांच्या वर्गात हाताशी असलेली एडिथ क्रेमर ही तरुण मुलगी १९३८ मध्ये न्यूयॉर्कला पोचली. पुढे तिथल्या मुलांबरोबर काम करताना तिने ठामपणे मांडले की चित्र काढण्याची क्रियाच माणसाला सावरते. अमेरिकेतल्याच मार्गारेट नॉमबर्ग यांचा भर वेगळा होता: चित्र म्हणजे दडपलेल्या मनाची भाषा, ती उलगडायची. ‘आर्ट थेरपी’ हे नाव मात्र इंग्लंडचे. क्षयरोगाच्या आरोग्यधामात राहिलेल्या एड्रियन हिल या चित्रकाराने १९४२ मध्ये ते वापरात आणले. त्याच काळात लंडनच्या युद्धकालीन पाळणाघरांत अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मानसतज्ज्ञांना दिसत होते की लहान मुलांना बॉम्बपेक्षा आईपासूनची ताटातूट जास्त खाते. आज शिबिरात मुलासोबत आई किंवा आजीला ठेवण्याचा प्रयत्न होतो, त्यामागे हे निरीक्षण आहे.

या इतिहासाचा एक धागा आपल्याकडेही येतो. सोव्हिएत सत्तेने सायबेरिया आणि कझाकस्तानात हाकललेले पोलिश लोक १९४१ नंतर सुटले, इराणमार्गे भारतात आले, आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे पाच हजार जण राहिले, बहुतेक बायका आणि मुले. तिथे शाळा होत्या, स्काउट पथके होती, नाटके बसवली जात. त्याला उपचार कोणी म्हटले नाही. पण उपासमारीतून आलेल्या मुलांच्या दिवसाला पुन्हा घडी बसवण्याचे काम त्या मोठ्यांनी केले, आणि मला ते याच परंपरेत मोडते असे वाटते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या ३९ व्या कलमाने युद्धपीडित मुलांच्या मानसिक पुनर्वसनाची जबाबदारी सरकारांवर टाकली. पाठोपाठ बोस्नियाचे युद्ध आले आणि तिथे मदतसंस्थांची गर्दी झाली. पाहिलेले भयंकर प्रसंग चार दिवसांत मुलांकडून कागदावर उतरवून घ्यायचे आणि निघून जायचे, अशा धावत्या उपक्रमांवर पुढे बरीच टीका झाली, आणि ती रास्त होती. उघडलेली जखम बांधायला मागे कोणी राहत नसेल तर ती उघडू नये. श्रीलंकेत बट्टिकलोआला १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘बटरफ्लाय गार्डन’ने वेगळी वाट धरली. तमिळ आणि मुस्लिम गावांमधली मुले बसने एकाच बागेत आणायची, काही महिने पुन्हापुन्हा आणायची, आणि माती, रंग, गोष्टी त्यांच्या हाती सोडायच्या.

सुदानमधल्या युद्धग्रस्त दारफुरच्या मुलांची चित्रे मात्र थेट न्यायालयात गेली. २००७ मध्ये चाडमधल्या छावण्यांत जमवलेली सुमारे ५०० चित्रे हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने संदर्भ-पुरावा म्हणून स्वीकारली. ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांनी साक्ष द्यावी, याबद्दल माझे दुमत नाही. फक्त साक्षीचा कागद आणि उपचाराचा कागद वेगळा असावा, आणि कुठला कोणता हे मुलाला आधी सांगितलेले असावे.

२००७ मध्येच संयुक्त राष्ट्रे आणि मदतसंस्थांच्या समितीने आणीबाणीतल्या मानसिक आधाराची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत आधाराचे थर मानले आहेत: तळाशी सुरक्षितता आणि अन्न-निवारा, त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार, मग प्रशिक्षित कार्यकर्त्यांची मदत, आणि अगदी थोड्यांसाठी तज्ज्ञांचे उपचार. कलाशिबिर बसते मधल्या थरांत. आठवडाभर रंगवून आघात बरा होतो, असा दावा कोणी केला तर मानू नये. शिबिरात मुलाला झोप लागते, मित्र मिळतात, आणि ज्याला खरोखर डॉक्टरची गरज आहे ते मूल कोणाच्या तरी नजरेस पडते. एवढे झाले तरी पुष्कळ आहे.

युक्रेनमध्ये हे काम २०२२ च्या आधीचे आहे. पूर्वेकडच्या दोनबासमध्ये २०१४ पासून लढाई होती, आणि ‘व्हॉइसेस ऑफ चिल्ड्रेन’ ही संस्था २०१५ पासून तिथल्या मुलांसोबत आहे. उन्हाळी शिबिर तर त्या समाजात घरोघरी ओळखीचे. क्रिमियातले आर्तेक हे मुलांचे शिबिर १९२५ चे. पण याच ओळखीचा वापर उलटाही झाला. रशियाच्या ताब्यातल्या भागांतून मुले ‘सुट्टीच्या शिबिराला’ म्हणून क्रिमियाला आणि रशियात नेली गेली, आणि काहींना ठरल्या दिवशी परत पाठवलेच नाही. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये अशी ४३ ठिकाणे आणि किमान ६,००० मुले नोंदवली. पुढच्याच महिन्यात मुलांच्या बेकायदा स्थलांतराबद्दल व्लादिमीर पुतिन आणि रशियाच्या बालहक्क आयुक्त मारिया ल्वोव्हा-बेलोव्हा यांच्यावर हेगहून अटक वॉरंट निघाले. हे माहीत असलेली आई आपले मूल शिबिराच्या बसमध्ये बसवताना काय काय विचारत असेल, याची कल्पना करता येते. पत्ता, परतीची तारीख, रोजचा फोन, चित्राचा फोटो छापणार का, याची उत्तरे तिला लेखी मिळायला हवीत.

१ सप्टेंबरला युक्रेनच्या शाळा उघडतात. खारकिव्हमध्ये २०२३ पासून अनेक मुलांचे वर्ग मेट्रोच्या स्थानकांत, जमिनीखाली भरू लागले. शिबिराहून परतलेल्या मुलाला तिथे रोज भेटतो तो शाळेचा शिक्षक, त्यामुळे निधीचा वाटा त्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडेही वळायला हवा.